नणंद, भावजय आणि एकच पडदा

पलूसच्या आमच्या घरात संगणक एकच आणि त्यावर बसणाऱ्या दोघी. भाभी फोटोशॉपमध्ये लग्नपत्रिका करतात, धाकटी बहीण त्याच फोटोशॉपमध्ये जुने फोटो दुरुस्त करायला शिकते. परवा संध्याकाळी बहीण उठली, भाभी बसल्या आणि पाहतात तर काय, सगळे पॅनेल गायब! लेयर नाहीत, रंग नाहीत, डावीकडची हत्यारांची पट्टीही नाही. मधोमध नुसती पत्रिका. तासाभरात मुलीकडची मंडळी प्रूफ न्यायला येणार होती.

"हिनंच काहीतरी दाबलं," भाभी म्हणाल्या. बहिणीच्या डोळ्यांत पाणी. अम्मींनी तर संगणकालाच कपाटात घालायची भाषा सुरू केली. दुरुस्तीवाल्याला फोन लावला, त्यानं न पाहताच सांगितलं की फॉरमॅट मारावं लागेल.

प्रत्यक्षात बिघडलं काहीच नव्हतं. फोटोशॉपमध्ये टॅबची कळ दाबली की सगळे पॅनेल लपतात, पुन्हा दाबली की परत येतात. एवढंच. शिफ्टसह टॅब दाबली तर हत्यारांची पट्टी राहते, बाकीचे लपतात. एखादाच पॅनेल दिसत नसेल, तर वरच्या विंडो मेनूत त्याच्या नावावर क्लिक करावं.

पण भांडणाचं मूळ टॅबमध्ये नव्हतं. एकीनं लावलेलं घर दुसरी रोज मोडत होती, हे खरं दुखणं. स्वयंपाकघरात मसाल्याचा डबा कुणी हलवला तर आपण चिडतो की नाही? पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारेही सारखी लागणारी अक्षरं हाताजवळच्या खणांत ठेवत. शेजारच्या किर्लोस्करवाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू झालं, तो खिळ्यांचाच जमाना.

पॅनेलच्या नावावर माउस धरून तो ओढता येतो. कडेला नेल्यावर निळी रेघ दिसली की सोडावा, तिथे तो बसतो. मोकळ्या जागी सोडला तर तरंगत राहतो आणि नेमका कामावर येतो. भाभींना अक्षरांचा, परिच्छेदाचा आणि लेयरचा पॅनेल लागतो. बहिणीला लागतो हिस्ट्री, म्हणजे मागे जाण्याचा रस्ता, आणि उजेड-रंग सुधारण्याचा अॅडजस्टमेंट्स. म्हणून आम्ही दोघींची मांडणी वेगळी लावली आणि विंडो, वर्कस्पेस, न्यू वर्कस्पेस असं करत 'पत्रिका' आणि 'फोटो' या नावांनी जतन केली. आता जी बसते ती आपलं नाव निवडते. मध्येच विस्कटलं तर त्याच मेनूतल्या रीसेटनं जतन केलेली मांडणी परत येते. यात फाइलला धक्का लागत नाही, हे अम्मींना दोनदा सांगावं लागलं.

परिच्छेदाचा पॅनेल भाभींनी मुद्दाम वर ठेवलाय. पत्रिकेची पहिली ओळ उर्दूत, बाकी मराठीत. उजवीकडून डावीकडे लिहिण्याचं बटण त्याच पॅनेलमध्ये असतं. ते दिसत नसेल किंवा मराठीची वेलांटी भलत्याच अक्षरावर बसत असेल, तर प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात वर्ल्ड-रेडी लेआउटचा पर्याय असल्यास तो निवडावा आणि नवी फाइल उघडून पाहावं. जुन्या आवृत्त्यांत तिथे मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं लिहिलेलं असतं.

नावांच्या चुका टाळण्यासाठी आणखी एक सोय आहे. व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर संगणकावर उघडायचा, विंडोजची कळ धरून डावा बाण दाबायचा, म्हणजे तो अर्ध्या पडद्यावर बसतो. उजव्या बाणानं पत्रिका दुसऱ्या अर्ध्यावर. वर-वधूचं, वडिलांचं, मामांचं नाव अक्षरन् अक्षर शेजारी ठेवून ताडता येतं. छापून आलेल्या पाचशे पत्रिकांवर मामांचं नाव चुकलेलं असलं म्हणजे काय होतं, ते ज्यांनी सोसलंय त्यांनाच ठाऊक.

त्या दिवशी प्रूफ वेळेत गेलं. दुरुस्तीवाल्याला येऊ नका म्हणून कळवलं. आता भाभींची तक्रार एवढीच की पॅनेलमधली अक्षरं बारीक दिसतात. प्रेफरन्सेसच्या इंटरफेस विभागात ती मोठी करता येतात, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडावं लागतं. बहिणीनं ते करून दिलं आणि त्यापायी उजवीकडची अर्धी जागा गेली, म्हणून कालपासून तिची कुरकुर चालू आहे.