दारचा हत्ती

श्रीमंताच्या दारी हत्ती झुलण्याचा काळ गेला. आता तो मान धिप्पाड कुत्र्याला मिळू लागला आहे. नामपुरात आमच्या शेजारच्या मळ्यात आप्पांनी कांदाचाळीच्या राखणीसाठी ग्रेट डेनचे पिल्लू आणले, तेव्हा वहिनींनी मला विचारले, "भाऊजी, याला खायला काय घालायचं?"

म्हटले, "वहिनी, काय घालायचं नाही, ते आधी ऐका!"

आमच्या बागलाणची मोठी पिके म्हणजे कांदा आणि द्राक्षे. नेमकी ही दोन्ही कुत्र्याला विषासारखी! कांदालसणाने त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षांनी आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तेव्हा कांद्याच्या रश्शात कुस्करलेली भाकरी नको आणि दिवाळीत कौतुकाने पुढे केलेला, बेदाणा लावलेला रव्याचा लाडूही नको.

दुसरी काळजी पोटाची. अशा खोल छातीच्या कुत्र्याचे जठर कधी एकाएकी फुगते आणि त्याला पीळ पडतो. पोट नगाऱ्यासारखे झाले, कुत्रा ओकाऱ्या काढतो आहे पण बाहेर काही पडत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. काही तासांत जीव जातो. दिवसाचे अन्न दोन-तीन वेळांत विभागून द्यावे आणि जेवल्यावर तासभर त्याला पळवू नये.

आप्पांचा विचार निराळाच होता. "साखळीला बांधला म्हणजे तापट होईल. राखणदार तापटच हवा!"

पण वाचकहो, ग्रेट डेनचा नर मोठा झाला की 60 किलोच्या घरात जातो. एवढे तापट धूड एखादे दिवशी साखळी तोडून सुटले, तर ते चोर आणि शेजारचे पोर यांत फरक करील काय? तेव्हा पिल्लूपणीच त्याला माणसांची, मुलांची, गुराढोरांची ओळख करून द्यावी. 'बस', 'थांब' शिकवावे. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास रेबीजची लस टोचून घ्यावी व पुढे डॉक्टर सांगतील तशी चालू ठेवावी. कुत्रा कितीही गुणी असो, लहान मुलाला त्याच्याजवळ एकटे सोडू नये.

या जातीचे आयुष्य साधारण 8 ते 10 वर्षांचे. तेवढी वर्षे रोजचा तास-दीड तास देण्याची तयारी असेल, तर खुशाल कुत्रा आणावा. नसेल तर चाळीला एक भक्कम कुलूप घ्यावे. ते स्वस्त पडते, आणि त्याला एकटे वाटत नाही.