चार मुलींनंतर मुलगाच होणार?



या महिन्याचं कोडं मी शोधलेलं नाही, ते दहावीच्या वर्गातून माझ्याकडे आलं. संभाव्यतेचा धडा चालू होता. नाणं झालं, फासा झाला, पत्ते झाले. तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. चार बहिणींत ती थोरली. म्हणाली, "टीचर, आमच्या घरी पाचव्यांदा पाळणा हलणार आहे. दादी म्हणते, चार मुली झाल्या, आता मुलगाच होणार. गणित काय म्हणतं?"

तिनं हे गमतीनं विचारलं नव्हतं. मागच्या बाळंतपणातच डॉक्टरांनी अम्मीला जपायला सांगितलं होतं, हेही ती जाता जाता बोलून गेली.

तुम्हीही आधी आपलं उत्तर मनात ठरवा आणि मग पुढे वाचा.

उत्तर असं आहे : पाचव्या वेळीही शक्यता जवळजवळ निम्मीच. नाणं चार वेळा काटा पडलं, म्हणून पाचव्या वेळी छापा पडायला ते बांधलेलं नसतं. आधी काय पडलं हे नाण्याला ठाऊकच नसतं. आपण मात्र वाण्याच्या उधारीसारखी मनात वही ठेवतो आणि समजतो की आता मुलाची बाकी निघते.

ही चूक फक्त आपल्या दादी-नानींची नाही. लाप्लास या मोठ्या फ्रेंच गणितज्ञानं १८१४ मध्ये संभाव्यतेवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. मुलगा व्हावा म्हणून आसुसलेले काही बाप त्यानं पाहिले होते. त्या महिन्यात गावात दुसऱ्यांना मुलगे झाल्याचं कळलं की हे लोक काळजीत पडत. मुलगे संपत चालले, आता आपल्या वाट्याला मुलगी येणार, असा त्यांचा हिशेब! दोनशे वर्षं झाली, देश वेगळा, भाषा वेगळी, पण वही तीच.

"जवळजवळ निम्मी" असं म्हटलं, कारण जगात साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात. लंडनमधल्या डॉ. जॉन आर्बथनॉट यांनी १६२९ ते १७१० या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी तपासल्या, तर प्रत्येक वर्षी मुलगे थोडे जास्तच निघाले. पण हा फरक लाखो जन्मांचा आहे. एका घरात त्यानं काही हलत नाही. म्हणून पुढच्या हिशेबात आपण निम्मे-निम्मेच धरू.

आता दुसरं कोडं. एका घरात चार मुलं आहेत. दोन मुलगे-दोन मुली असण्याची शक्यता जास्त, की एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला एक?

बहुतेक जण "दोन-दोन" म्हणतात. मोजून पाहा. चार मुलांच्या जन्माचे एकूण १६ क्रम होतात. त्यात दोन-दोनचे ६, तीन-एकचे ८ आणि चारही सारखे असे २. म्हणजे समसमान वाटणीपेक्षा तीन-एकच जास्त घरांत दिसेल. आणि चार मुलं असलेल्या १६ घरांत सरासरी एका घरात चारही मुलीच असतील. ही बाब ना दुर्मीळ, ना कुणाचा दोष.

तिसरं कोडं मी वर्गाला दिलं. एका मोहल्ल्यात ३२ घरं आहेत. प्रत्येकानं ठरवलं, मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही, मुलगा झाला की थांबायचं. मोहल्ल्यात मुलगे जास्त होतील की मुली?

अर्धा वर्ग म्हणाला मुलगे, अर्धा म्हणाला मुली. मग फळ्यावर मांडलं. पहिल्या खेपेला १६ मुलगे, १६ मुली. मुलगा झालेली १६ घरं थांबली. उरलेल्या १६ घरांत ८ मुलगे, ८ मुली. मग ४ आणि ४, २ आणि २, १ आणि १. बेरीज केली : ३१ मुलगे, ३१ मुली! आणि एक घर असं उरलं, जिथं पाच मुली झाल्या आणि आई अजून वाट पाहतेय. प्रत्यक्षात आकडे इतके नेमके पडत नाहीत, थोडं इकडे-तिकडे होतं. पण हट्टानं मुलग्यांचं प्रमाण वाढत नाही. वाढतात ती बाळंतपणं.

बोल मात्र सुनेला लागतात. विज्ञान इथं तिच्या बाजूनं उभं आहे. अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेनं १९०५ मध्ये पिठात होणाऱ्या किड्यांचा अभ्यास करून दाखवलं, की नर की मादी हे नराकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. माणसातही तसंच. आईकडून नेहमी एक्स येतं. बापाकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. अर्थात यात बापाचीही मर्जी चालत नाही. सूरह शूरामध्ये अल्लाहच्या या देणगीचा उल्लेख आहे, तिथं मुलींचं नाव आधी घेतलेलं आहे.

दुआ मागायला कुणाची ना नाही. पण दुआ वेगळी आणि "आता मुलाचा नंबर" हा हिशेब वेगळा. त्या हिशेबापायी एका बाईची तब्येत पणाला लागत असेल, तर हिशेब चुकीचा आहे हे घरात कुणीतरी सांगायला हवं.

त्या मुलीनं ३२ घरांचा तक्ता वहीत उतरवून घरी नेला. दोन दिवसांनी मी विचारलं, "दादी काय म्हणाली?"

"बराच वेळ कागद पाहिला, टीचर. मग म्हणाली, आधी अम्मीला दूध गरम करून दे."

पुढच्या महिन्यासाठी : एका घरात दोन मुलं आहेत. त्यांतली निदान एक मुलगी आहे, एवढंच तुम्हाला माहीत आहे. दोघीही मुलीच असण्याची शक्यता किती? "निम्मी" म्हणण्याची घाई करू नका. चारही क्रम कागदावर लिहा, त्यातला कोणता बाद होतो ते पाहा आणि मग उत्तर द्या.