आमचा पैसा 'मिलियन'मध्ये कुणाला दाखवताय?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण विषय तुमच्या घरपट्टीच्या पैशाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आपल्या भागातल्या एका नगरपरिषदेने खर्चाचा डॅशबोर्ड जनतेसाठी खुला केला. नाव मुद्दाम घेत नाही, कारण हा रोग तिच्या एकटीचा नाही. रंगीत चकत्या, उभे खांब, वॉर्डनिहाय नकाशा, सगळं झकास. आता आकडे बघा. उद्यान सुशोभीकरण ₹२.४ एम. नालेसफाई ₹०.५ एम. हातपंप दुरुस्ती ₹०.० एम.

हे 'एम' काय असतं हो? एम म्हणजे मिलियन, म्हणजे दहा लाख. आपल्या शाळेत एकक, दशक, शतक, हजार, दशहजार, लाख, दशलक्ष, कोटी असं शिकवतात. बाजारात, बँकेत, सातबाऱ्याच्या व्यवहारात, लग्नाच्या खर्चात, सगळीकडे आपण लाख आणि कोटीच बोलतो. मग नगरपरिषदेच्या दारात शिरल्यावरच आम्ही अमेरिकन कसे काय झालो?

परिणाम काय झाला ते सांगतो. उद्यानाचा तो आकडा व्हॉट्सॲपवर फिरला. एका ग्रुपवर 'फक्त अडीच लाखात बाग झाली' म्हणून कौतुक. दुसऱ्या ग्रुपवर '२४ कोटी खाल्ले' म्हणून शिव्या. खरा आकडा २४ लाख. म्हणजे कौतुकही खोटं आणि शिव्याही खोट्या. पण २४ लाखांत नेमकं काय काय केलं, हा जो खरा प्रश्न होता तो कुणी विचारलाच नाही!

आता ते ०.५ एम. एकच दशांश स्थळ ठेवलं की साडेचार लाखापासून जवळजवळ साडेपाच लाखापर्यंतची कुठलीही रक्कम ०.५ एम अशीच दिसते. मधला एक लाख रुपया गोलाईत गडप. आणि हातपंपाचं तर विचारूच नका. ३८ हजार खर्च झाले आणि पडद्यावर शून्य. ज्या वस्तीचा तो हातपंप आहे तिला वाटतं आपल्यासाठी काहीच झालं नाही. आणि काम न करताच बिल निघालं असेल तर? तेही त्याच शून्याच्या आड लपतं.

विचारलं तर उत्तर ठरलेलं, "साहेब, सिस्टीममध्ये असंच येतं."

सिस्टीममध्ये असंच येतं हे अर्धसत्य आहे. असे अहवाल ज्या सॉफ्टवेअरवर बनतात, त्यांपैकी पॉवर बीआय बरंच वापरात आहे. त्यात आयती मिळणारी एककं हजार, मिलियन, बिलियन अशी. त्यांचा हिशेब हजाराच्या पायऱ्यांचा. हजार, हजार हजार म्हणजे मिलियन, पुढे बिलियन. आपला लाख या पायरीवर बसत नाही, तो मधेच येतो. म्हणून थोडी मेहनत घ्यावी लागते. पण २०२३ पासून याच सॉफ्टवेअरमध्ये रकमेच्या आकारानुसार मांडणी आपोआप बदलण्याची सोय आहे. रक्कम कोटीच्या वर असेल तर 'कोटी', लाखाच्या वर असेल तर 'लाख', त्याखाली असेल तर पूर्ण आकडा. स्वल्पविरामसुद्धा २४,००,००० असा आपल्या पद्धतीने देता येतो. चार-पाच ओळींचं सूत्र आहे. रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० साली स्वीकारलं आणि त्याच वर्षी युनिकोडमध्येही आलं. चिन्ह आमचं लावायचं आणि त्याच्यापुढे मोजणी परक्यांची, हा काय प्रकार आहे?

काही जण म्हणतील, मिलियन हे जागतिक मानक आहे, कंपन्यासुद्धा वापरतात. बरोबर. कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीत लाख, कोटी आणि मिलियन, तिन्हींना मुभा आहे. पण तिथे एक अटही आहे. एकदा जे एकक धरलं, ते सगळ्या वित्तीय पत्रकांत सारखंच ठेवायचं. आणि कंपनीचा वाचक भागधारक असतो. नगरपरिषदेचा वाचक कोण? घरपट्टी भरायला रांगेत उभा राहणारा माणूस. केंद्र सरकारचा अर्थसंकल्प कोटी रुपयांत छापला जातो. दिल्लीला कोटी चालतो आणि गल्लीला मिलियन लागतो?

माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४ काढून बघा. अंदाजपत्रक आणि खर्चाची माहिती न मागता जाहीर करायची आहे, आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करायचा आहे. आकडा हासुद्धा भाषेचाच भाग असतो, साहेब. माहिती लोकांसमोर ठेवली पण लोकांना ती वाचताच येऊ नये, याला पारदर्शकता म्हणत नाहीत.

आता उद्या कुणी घाईघाईत 'लाख-कोटी' चिकटवून मोकळं होईल, म्हणून हेही सांगून ठेवतो. एकाच रकान्यात ९८ लाख आणि १.२ कोटी खालीवर आले, की डोळ्याला ९८ मोठा दिसतो. दुसरं, काही कारागीर रकमेचं रूपांतर चक्क मजकुरात करतात. मग उतरत्या क्रमाने लावलं की '९ लाख' वर आणि '८५ लाख' खाली, कारण यंत्र तिथे रक्कम बघतच नाही, पहिलं अक्षर बघतं. तिसरं, उणे रकमा. 'एक कोटीपेक्षा जास्त' एवढीच अट लिहिली, तर दोन कोटींची तूट त्या अटीत बसतच नाही आणि भलत्याच रूपात दिसते. शिल्लक नीट दिसणार आणि तूट नाही, हे कसं चालेल?

म्हणून मागण्या साध्या आहेत:

१. ठळक चौकटीतल्या एकट्या आकड्याला रकमेप्रमाणे लाख किंवा कोटी, अक्षरात लिहिलेलं.
२. तक्त्यात एका रकान्याला एकच एकक, आणि ते वर मराठीत स्पष्ट.
३. आकड्यावर बोट ठेवलं की पै-पैसह पूर्ण रक्कम दिसली पाहिजे.
४. खर्च झाला असेल तिथे गोलाईने शून्य दाखवायचं नाही.
५. मिलियन ज्यांना हवंच आहे त्यांच्यासाठी वेगळं बटण ठेवा, आमची ना नाही. पण पान उघडल्यावर आधी आमचा हिशेब दिसू द्या.

यासाठी नवं टेंडर काढू नका म्हणजे झालं! ज्या ठेकेदाराने डॅशबोर्ड बनवला त्याच्याकडूनच दुरुस्ती करून घ्या.

आणि तुम्हाला एक विनंती. आपापल्या गावच्या नगरपरिषदेचं, जिल्हा परिषदेचं पान उघडा. जिथे 'एम' दिसेल तिथला फोटो काढा आणि दोन ओळींचा लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. कमेंटमध्ये संताप व्यक्त करून काही हलत नाही, आवक नंबर पडलेल्या कागदाला मात्र कुणीतरी उत्तर द्यावं लागतं.

पैसा आमचा आहे. तो आमच्याच मोजणीत दाखवा.