मनोरमेला कोणी विचारलं होतं?

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब उडाला, आणि चरित्रकार आजही त्या दिवसाची कारणमीमांसा करत बसलेले असतात. त्याच दिवशी तिथेच आणखी एका व्यक्तीचा बाप्तिस्मा झाला, तिच्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. ती जेमतेम अडीच वर्षांची होती. रमाबाईंची लेक मनोरमा.

एवढ्याशा आयुष्यात तिनं काय काय पाहिलं होतं! वडील बिपिनबिहारी मेधावी पटकीनं गेले तेव्हा तिला वर्षही पुरं झालं नव्हतं. मग आसामातून पुणं, पुण्याहून आगबोटीनं विलायत. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच जीव दिला. पुढे आई शिकायला आणि संस्कृत शिकवायला चेल्टनहॅमला गेली, पोर राहिली वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात.

आणि मग तिच्यावरून वाद पेटला. मठातल्या सिस्टर जेराल्डिनना रमाबाई पत्रांत प्रेमानं ‘आजीबाई’ म्हणत. भांडण जुंपलं तेही याच आजीबाईंशी. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य रमाबाईंच्या बुद्धीला पटत नव्हतं. आपल्याला न पटलेलं लेकीच्या तोंडी घालायला त्यांची सक्त हरकत होती. जेराल्डिनना हा निव्वळ अहंकार वाटला. ही पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९७७ साली छापली आहेत, अ. भि. शहा यांनी संपादलेलं ते इंग्रजी पुस्तक काढून जरूर वाचावं. दोन्ही बायका मनोरमेच्या हिताचंच बोलतात, तावातावानं बोलतात.

रमाबाईंच्या हट्टामागे त्यांचं स्वतःचं बालपण होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारे. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात अन्नान्न दशा झाली, तरी उपासतापास, दानधर्म, देवदर्शन चालूच होतं. काही महिन्यांच्या आत वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. सोळा वर्षांची रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत राहिले. चालता चालता दोघांचा जुन्या देवांवरचा विश्वास उडाला. मुलीला पढवलेली श्रद्धा द्यायची नाही, असं रमाबाईंनी ठरवलं असेल तर त्यात नवल नाही. या वादात रमाबाईंचंच बरोबर होतं.

पण १८८९ साली विधवा मुलींसाठी सुरू केलेल्या शारदा सदनात याच रमाबाई कशा वागल्या? तिथे धर्माची शिकवण द्यायची नाही असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत लेकीबरोबर प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. मुली येऊन बसत. आम्ही कोणाला बोलावत नाही, हे बाईंचं म्हणणं खरंही होतं. तरी कोवळ्या वयात विधवा झालेल्या, घरानं टाकलेल्या मुलीला त्या खोलीत देव हवा होता की बाईंजवळ बसायला हवं होतं, हे कोणी सांगावं? यावरूनच १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी भराभर मुली काढून नेल्या. जाताना त्या मुलींनाही कोणी विचारलं नाही.

मनोरमा पुढे आईच्या कामात जन्मभर राहिली, शारदा सदनाची शाळा तिनं सांभाळली आणि १९२१ साली आईच्या आधी काही महिने गेली. तिची श्रद्धा मनापासूनची नसेल असं म्हणायला काहीच आधार नाही.

आज घटस्फोट होतो, पुनर्विवाह होतो, आई एका धर्माची आणि बाप दुसऱ्या धर्माचा असतो, आणि पोराच्या देवाचा निकाल मोठ्यांच्या भांडणात लागतो. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर संमती पालकाची लागते. शाळेपासून मुलाला हे संरक्षण आहे. घरात विचारायचं काम आईबापांचंच आहे, आणि ते त्यांनी करावं.