जेटीवरून मार्केटला जायला डिझेलची गाडी कशाला?



१ जून ते ३१ जुलैची बंदी संपली, ट्रॉलर बाहेर पडले, हातात दोन पैसे खेळू लागले की आपल्याकडे नव्या गाडीची बोलणी सुरू होतात. चवथीला नाही तर दसऱ्याला दारात गाडी हवी. कुणाला मासळी न्यायला छोटा हत्ती हवा, कुणाला पिकअप, कुणाला घरासाठी कार. संस्थेच्या कचेरीत बसलं की एकच प्रश्न कानावर पडतो, डिझेल घेऊ की पेट्रोल? आणि विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. "डिझेलच बरं. ट्रॉलर डिझेलवर, मग गाडीपण डिझेलवर."

आमचं मत आम्ही सरळ सांगतो. ज्याची गाडी जेटी ते मार्केट आणि मार्केट ते घर एवढीच फिरणार आहे, त्याने डिझेल घेऊ नये. पेट्रोल घ्यावं. आता का ते ऐका.

डिझेल स्वस्त ही गोष्ट जुन्या दिवसांची आहे. पेट्रोलचे भाव केंद्राने जून २०१० मध्ये मोकळे केले, पण डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले. मधल्या काळात दोघांत मोठी दरी पडली. २०१२ मध्ये दिल्लीत लिटरमागे तीस रुपयांहून जास्त फरक होता. गोव्यात तेव्हाही चित्र वेगळं होतं, कारण त्याच वर्षी पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला होता. तरी डिझेल म्हणजे बचत हे डोक्यात बसलं ते बसलंच. आज आपल्याकडे तो फरक दहा रुपयांच्या आत आला आहे. भाव बदलला, सवय तीच राहिली.

दुसरी गोष्ट इंजिनाची. ट्रॉलरला डिझेल का मानवतं? एकदा इंजिन लावलं की ते तासन्‌तास एका चालीने, वजन ओढत चालतं. डिझेल इंजिनाला हेच आवडतं. आता आपल्या गाडीचं बघा. पहाटे थंड इंजिन चालू केलं, मालीमहून निघालो, मांडवी पूल ओलांडला की पणजी मार्केट आलंच. इंजिन धड तापलंही नाही तेवढ्यात बंद. खारेवाड्याहून वास्कोच्या बाजारात जाणाऱ्याचं तर त्याहून कमी. वर जेटीवर रांगेत इंजिन चालू ठेवून उभं राहायचं ते वेगळंच.

जुन्या डिझेल गाड्या हे सगळं सोसायच्या. काळा धूर सोडायच्या आणि चालत राहायच्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. आता बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी एक जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. त्या जाळीत साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते. पण त्यासाठी आतली उष्णता सहाशे अंशांच्या आसपास जावी लागते आणि गाडी बऱ्या वेगात पंधरा-वीस मिनिटं न थांबता धावावी लागते. पाच किलोमीटरच्या फेरीत हे कसं होणार? काजळी जाळायचं काम अर्ध्यावर आलं की आपण चावी काढतो. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग काजळी जाळायला सोडलेलं जादा डिझेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. एक दिवस मीटरवर दिवा पेटतो. तो दिवा बघून न बघितल्यासारखं केलं की गाडीची ताकद जाते, आणि जाळी बदलायची वेळ आली तर खिशाला मोठी कात्री लागते. यात गाडीचा दोष नाही, मेस्त्रीचाही नाही. ती गाडी त्या कामाची नव्हती.

आता पैशांचा हिशेब. हिशेबापुरतं धरू की पेट्रोल ९७ रुपये, डिझेल ८९ रुपये. भरलेली छोटी पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर देते, डिझेल २०. दिवसाला फिरणं ३० किलोमीटर, सीझनचे २५० दिवस. म्हणजे वर्षाला ७,५०० किलोमीटर.

पेट्रोल लागेल ५०० लिटर, म्हणजे ४८,५०० रुपये.
डिझेल लागेल ३७५ लिटर, म्हणजे ३३,३७५ रुपये.

वर्षाची बचत पंधरा हजारांच्या आसपास. ऐकायला बरं वाटतं. पण डिझेल गाडी घेताना लाखभर रुपये जास्त मोजावे लागले, तर ते भरून यायलाच साडेसहा वर्षं गेली. त्या जादा लाखावर दहा टक्क्यांनी कर्ज असेल तर पहिल्या वर्षी दहा हजार व्याजातच गेले. डिझेलची सर्व्हिसिंग सहसा महाग पडते, ती यात धरलेली नाही. छोट्या फेऱ्यांत मायलेज खाली येतं, तेही धरलेलं नाही. मग बचत राहिली कुठे?

उलट बाजूही आहे, ती लपवून चालणार नाही. जो रोज मासळी घेऊन चोर्ला घाटातून बेळगावला जातो, त्याच्यासाठी डिझेलच. दिवसाला १०० किलोमीटर धरले तर वरच्याच भावाने वर्षाला पन्नास हजार रुपये वाचतात, लाख रुपये दोन वर्षांत फिटतात. लांब पल्ल्यात ती जाळीही आपोआप साफ होत राहते. बर्फाने भरलेले क्रेट ठासून पर्वरीची चढण रोज चढायची असेल तर डिझेलचा जोर कामाला येतो हेही खरं, तिथे पेट्रोल गाडी जास्त पिते. आणि पेट्रोलचीही आपली कुरकुर आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्याने मायलेज थोडं कमी होतं, आणि इथेनॉल ओल ओढून घेतं. म्हणून बंदीच्या दोन महिन्यांत गाडी पावसात नुसती उभी ठेवू नका, आठवड्यातून एकदा बाहेर काढून फिरवा. जुनी गाडी असेल तर हे पेट्रोल तिला चालतं का ते कंपनीच्या पुस्तिकेत बघा.

आता जी गोष्ट बोलायला अवघड आहे ती बोलतो. काहीजण डिझेल गाडी घेतात त्यामागचं गणित आम्हाला माहीत आहे. ट्रॉलरचं डिझेल घरचंच, त्यातला एक कॅन गाडीत ओतला तर कोण विचारतंय?

विचारणारे आहेत, बांधवांनो. ट्रॉलरच्या डिझेलवर व्हॅटची जी सवलत मिळते ती होडीच्या नावावर, समुद्रात जाण्यासाठी मिळते. ती मिळवायला आणि टिकवायला किती खेटे घालावे लागतात ते प्रत्येक मालकाला ठाऊक आहे. रस्त्यावरच्या गाडीत ते डिझेल ओतणं म्हणजे योजनेचा गैरवापर. सापडला तर एकट्याचं नाव येणार नाही, "मच्छीमार सवलतीचं डिझेल बाजारात फिरवतात" असं सगळ्यांबद्दल बोललं जाईल. आणि त्याची झळ कुणाला? ज्याने एक थेंबही इकडचा तिकडे केला नाही, त्या शेजारच्या ट्रॉलर मालकाला. चार कॅनांसाठी चारशे घरांची सवलत पणाला लावू नका. शिवाय पिंपात, कॅनमध्ये राहिलेल्या डिझेलात पाणी आणि कचरा उतरतो. होडीचं जुनं इंजिन फिल्टर बदलून निभावून नेतं. नव्या गाडीचे इंजेक्टर नाजूक, ते गेले की तुमची "फुकट" डिझेलची बचत एका बिलात संपली.

म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी घरी बसून तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा.

एक, गाडी दिवसाला एकूण किती किलोमीटर फिरणार?
दोन, एका फेरीत न थांबता किती अंतर जाणार? अर्ध्या तासाची सलग धाव आठवड्यातून एकदाही नसेल तर डिझेलचं नाव काढू नका.
तीन, वजन किती आणि चढण किती?

विकणाऱ्याला काय खपवायचं आहे त्यावर जाऊ नका, शेजाऱ्याने काय घेतलं त्यावर तर अजिबात नको. शेजारी बेळगावला जात असेल, तुम्ही म्हापशाला जाता. डिझेलच घ्यायचं ठरलं तर डीपीएफ आहे का, तो साफ कसा करायचा, वॉरंटीत बसतो का, हे आधी विचारा आणि लिहून घ्या. घरच्या कारलाही हाच नियम. मुलांना शाळेत सोडायला आणि बाजार आणायला पेट्रोल पुरे झालं. मारुतीने तर एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं, म्हणजे छोट्या गाडीत डिझेल परवडत नाही हे बनवणाऱ्यांनाही कळलं.

मासळीच्या धंद्यात समुद्र काय देईल ते आपल्या हातात नाही. गाडीवर काय घालवायचं ते मात्र पूर्ण आपल्या हातात आहे. हिशेब जमत नसेल तर संस्थेत या. सोबत बसून मांडू. घरच्या बाईलाही बरोबर आणा, कारण मार्केटच्या फेऱ्या किती होतात ते तिलाच बरोबर माहीत असतं.

सीझन भरभराटीचा जावो.

आपला,
सचिव