मोकळा हात आणि लिहिता हात

‘लढाया समित्यांनी जिंकल्या जात नाहीत’ हे वाक्य आपल्याकडे हमखास टाळ्या घेते. बोलणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही आणि ऐकणाऱ्याला तो मागावासा वाटत नाही. पण अलीकडे एका व्याख्यानमालेत एका वक्त्यांनी या वाक्याचा पुरावा म्हणून अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धच उभे केले. ज्या युद्धाने या वाक्याचा सर्वांत ठाम प्रतिवाद केला, तेच त्याच्या बाजूचे साक्षीदार म्हणून उभे केले जात असेल, तर गप्प बसणे म्हणजे संमती देणे होय.

वक्त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. तेरा वसाहतींची काँग्रेस म्हणजे वकील, व्यापारी आणि जमीनदार यांची बोलघेवडी सभा. जॉर्ज वॉशिंग्टन हा समर्थ सेनापती, पण या सभेने त्याचे हात बांधले. १७७५ पासून तो काँग्रेसच्या अध्यक्षांना पत्रे लिहीत राहिला, ती पत्रे म्हणजे एका शूर माणसाची अर्जवारी. सभेने न्यूयॉर्क जाळू दिले नाही, व्हॅली फोर्जला सैन्य उपाशी ठेवले, आणि ती बाल्टिमोरला पळाली तेव्हाच वॉशिंग्टनला ट्रेंटन जिंकता आले. वर तोंडी लावायला आपले वडगाव: इंग्रजांनी समितीच्या हाती फौज दिली आणि मराठ्यांपुढे शरणागती पत्करली. तात्पर्य, युद्ध पेटले की सभागृहाला कुलूप लावा आणि सेनापतीला मोकळा हात द्या.

किरकोळ आक्षेप आधी निकालात काढतो. पत्रे लिहिण्यात सेनापतीचा वेळ वाया गेला म्हणतात. बहुतेक पत्रांचे मसुदे हॅमिल्टन, हॅरिसन, टिल्घमन यांसारखे मदतनीस करत. कामाला माणसे होती, वॉशिंग्टनने ती त्यासाठीच नेमली होती.

वडगावचा दाखला तर सर्वस्वी गैरलागू आहे. १७७८ च्या अखेरीस मुंबईहून निघालेल्या फौजेबरोबर कारनॅक, एगर्टन आणि मॉस्टिन यांची समिती दिली होती हे खरे. मॉस्टिन आजारी पडून परतला, एगर्टनही आजारी झाला, तोफा तळेगावच्या तळ्यात टाकून रातोरात माघार घेतली गेली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तह झाला. पण ती समिती छावणीत बसून फौज हाकत होती. शिवाय ती प्रजेची सभा नव्हती, एका व्यापारी कंपनीच्या कौन्सिलने पाठवलेले कारभारी होते. अमेरिकेत सभा फिलाडेल्फियात बसत होती आणि लढाई सेनापती चालवत होता. दाखला द्यायचाच तर पानिपतचा द्यावा. १७६० च्या अखेरीस भाऊसाहेबांचा दिल्लीचा आणि दक्षिणेचा रस्ता तुटला, पत्रे पोचेनाशी झाली, आणि रसदेवाचून फौज कशी झिजली हे मराठी वाचकाला सांगायला नको. ‘पुण्यात बसणाऱ्यांना काय कळते’ हा आपला जुना वाद. त्या वादात एक गोष्ट कायम सुटते: पुण्याला कळले नाही, तेव्हाच घात झाला.

ट्रेंटनचा मुद्दा तारखांनीच कोसळतो. बाल्टिमोरला बसलेल्या काँग्रेसने वॉशिंग्टनला सैन्यभरतीचे, अधिकारी नेमण्याचे व काढण्याचे आणि सामग्री मिळवण्याचे व्यापक अधिकार दिले ते २७ डिसेंबर १७७६ च्या ठरावाने. ट्रेंटनची लढाई झाली २६ डिसेंबरला. त्याआधी १२ डिसेंबरला फिलाडेल्फिया सोडताना युद्धाच्या हालचाली त्याच्यावर सोपवल्या होत्या, पण तोही सभेचाच ठराव होता. सभा पळाली म्हणून विजय मिळाला, हे म्हणणे पंचांग न बघता मुहूर्त सांगण्यासारखे आहे. आणि २७ डिसेंबरच्या ठरावातला एक तपशील वक्त्यांनी गाळला. ते अधिकार सहा महिन्यांपुरते होते.

आता न्यूयॉर्क. वक्त्यांचा सर्व जोर इथे होता, आणि माझाही इथेच आहे, कारण ‘सभेने सेनापतीचे हात बांधले’ हे म्हणणे खरे ठरायचे असेल तर ते इथेच ठरले पाहिजे.

२७ ऑगस्ट १७७६ रोजी लाँग आयलंडवर वॉशिंग्टनचा पराभव झाला. सैन्य मॅनहॅटनवर परतले. २ सप्टेंबरला त्याने काँग्रेसचे अध्यक्ष जॉन हॅनकॉक यांना लिहिले. मिलिशियाच्या तुकड्या निघून चालल्या आहेत हे त्यात आहे. आणि एक सरळ प्रश्न आहे: शहर सोडावेच लागले, तर ते शत्रूला हिवाळी मुक्कामासाठी शाबूत ठेवावे काय? ३ सप्टेंबरला सभेने ठराव केला की शहर सोडताना त्याला इजा होऊ देऊ नये, ते परत मिळवू याबद्दल आम्हाला शंका नाही. हॅनकॉकने तो त्याच दिवशी कळवला.

इथपर्यंत वक्ते सांगतात आणि थांबतात. पुढे काय झाले? या ठरावाचा अर्थ शहर कसेही करून राखायचे असा लागण्याची शक्यता होती. ८ सप्टेंबरला वॉशिंग्टनने पुन्हा लिहिले. हे पत्र साऱ्या युद्धातल्या महत्त्वाच्या पत्रांपैकी एक आहे. आपल्या बाजूने हे युद्ध बचावाचेच असले पाहिजे, सरसकट मोठी लढाई टाळली पाहिजे आणि भाग पडल्याशिवाय सर्वस्व पणाला लावता कामा नये, हे धोरण त्याने सभेपुढे सविस्तर मांडले. ज्या धोरणावर अमेरिका पुढे टिकली, ते सेनापतीने लेखी पटवून दिले. १० सप्टेंबरला सभेने खुलासा केला: सेनापतीला योग्य वाटेल त्यापेक्षा एक क्षणही सैन्याने शहरात राहावे, असा आमचा मुळीच अर्थ नव्हता. १२ तारखेला सेनाधिकाऱ्यांच्या बैठकीत शहर सोडायचे ठरले. १५ तारखेला ब्रिटिश किप्स बे येथे उतरले आणि सैन्य उत्तरेकडे निसटले.

३, ८, १०, १२. एका आठवड्यात एक गैरसमज उद्भवला, लेखी पोचला आणि लेखी दूर झाला. घोडेस्वारांच्या टपालावर हे झाले. यात हात कुठे बांधले गेले? हा व्यवहार नसता, तर वॉशिंग्टनला सभेचा कल अंदाजाने ओळखावा लागला असता, आणि अंदाज चुकला असता तर मॅनहॅटनच्या बेटावर सैन्य कोंडले गेले असते.

राहिले जाळण्याचे. ब्रिटिशांनी ते शहर पुढे नोव्हेंबर १७८३ पर्यंत ताब्यात ठेवले. २० आणि २१ सप्टेंबरच्या दरम्यानच्या रात्री तिथे मोठी आग लागली. तेव्हा वॉशिंग्टनने एका घरगुती पत्रात लिहिले की दैवाने किंवा कोणा भल्या माणसाने आपण स्वतःसाठी केले नाही ते आपल्यासाठी केले. म्हणजे त्याचे मन जाळण्याकडे होते. लष्करी हिशेबाने तो बरोबरही असेल. तरीही त्याने विचारले. आपल्याच लोकांची घरेदारे पेटवायची की नाही, हा निर्णय तोफखान्याच्या अधिकारकक्षेतला नाही हे त्याला उमगले होते. वक्त्यांना ते अजून उमगलेले नाही.

आणि सभा भित्री होती म्हणून तिने नाही म्हटले, असे समजणाऱ्यांनी २२ डिसेंबर १७७५ चा ठराव पाहावा. बॉस्टनवर हल्ला यशस्वी होईल असे सेनापतीला आणि त्याच्या युद्धमंडळाला वाटले, तर त्याने तो योग्य वाटेल तसा करावा, मग शहराचा आणि तिथल्या मालमत्तेचा नाश झाला तरी चालेल, असा तो ठराव आहे. तो कळवणारे पत्र हॅनकॉकचे. हॅनकॉक बॉस्टनचा बडा व्यापारी, त्याचा वाडा बीकन हिलवर. त्याने लिहिले की ईश्वर तुम्हाला यश देवो, मी मनापासून तेच इच्छितो, जरी व्यक्तिशः सर्वांत मोठे नुकसान कदाचित माझेच होईल. सुरक्षित खोलीत बसून दुसऱ्याच्या जिवावर गप्पा मारणारा माणूस असे लिहीत नाही. त्याला आपले घर जळताना दिसत होते.

व्हॅली फोर्जबद्दल सभेची बाजू मी घेणार नाही. २३ डिसेंबर १७७७ ला वॉशिंग्टनने नवे अध्यक्ष हेन्री लॉरेन्स यांना लिहिले की मोठा बदल झाला नाही तर या सैन्यापुढे उपाशी मरणे, विसर्जित होणे किंवा पांगणे एवढेच उरेल. त्या दिवशीच्या गणतीप्रमाणे २,८९८ सैनिक अनवाणी आणि उघडे असल्याने कामाच्या लायकीचे नव्हते. सैन्याने थंडीतही मैदानात राहावे असे म्हणणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाला त्याने त्याच पत्रात सुनावले: उबदार खोलीत शेकोटीपाशी बसून निषेधपत्रे लिहिणे सोपे आहे, उघड्या टेकडीवर बर्फात पांघरुणाविना झोपणे सोपे नाही. रसदखात्याची त्या वर्षीची फेररचना फसली होती, आणि सभेला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. दोष होताच. पण उपाय कुठून आला? जानेवारी १७७८ मध्ये सभेची समिती छावणीत येऊन बसली, आणि मार्चमध्ये नॅथॅनेल ग्रीनकडे क्वार्टरमास्टर जनरलचे पद आले. पत्राने दुखणे सांगितले, सभेने उशिरा का होईना हालचाल केली. कुलूप लावलेल्या सभागृहाकडे हे पत्र पाठवून काय उपयोग होता?

आता माझे म्हणणे, ते लांबलचक नाही. युद्धात लोकांच्या सभेने सेनापतीला मैदान द्यावे आणि त्याच्याकडून कारणे घ्यावीत. सेनापतीने निर्णय घ्यावेत आणि ते लिहून कळवावेत. २० डिसेंबर १७७६ च्या पत्रात वॉशिंग्टन हॅनकॉकला कळवतो की तोफखान्याच्या तीन बटालियन भरती करण्याचा हुकूम मी सभेची वाट न बघता दिला आहे. मी अधिकाराबाहेर जातो आहे असे वाटेल, पण गमावण्यासारखी अब्रू, जप्त होण्यासारखी मालमत्ता आणि स्वातंत्र्य हे सगळे माझेही पणाला लागले आहे, हीच माझी सबब, असे तो म्हणतो. तो मर्यादा ओलांडतो आणि ओलांडल्याचे त्याच दमात सांगतो. मोकळा हात हवा असणाऱ्याने हा लिहिता हातही मागावा.

याहून मोठी कसोटी जानेवारी १७७८ मध्ये लागली. वॉशिंग्टनवर टीका करणारा एक निनावी कागद लॉरेन्सच्या हाती आला. लॉरेन्सचा मुलगा जॉन वॉशिंग्टनचा मदतनीस होता. लॉरेन्सने कागद सभेपुढे न ठेवता सेनापतीकडे पाठवला. ३१ जानेवारीला वॉशिंग्टनने उत्तर दिले. शत्रूला कळू नयेत अशा गोष्टी उघड केल्याशिवाय मला उत्तर देता येत नाही, याचा टीकाकार गैरफायदा घेत आहेत, हे त्याने लिहिले. आणि तरीही तो कागद सभेपुढे ठेवावा असे सुचवले. स्वतःवरचा आरोप दडपण्याची सोय आयती हाती आली असताना त्याने ती नाकारली.

शेवटी वक्त्यांना आणि त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांना विनंती आहे. ही पत्रे छापलेली आहेत, ती तारखेच्या क्रमाने वाचा. सेनापतीचे पत्र वाचल्यावर सभेचे उत्तर वाचा, मधले पान उलटून पुढे जाऊ नका. आणि २३ डिसेंबर १७८३ ला ॲनापोलिसला काय झाले तेही पाहा. जून १७७५ मध्ये हॅनकॉकच्या सहीने मिळालेली सेनापतिपदाची सनद वॉशिंग्टनने त्या दिवशी सभेला परत केली. ती स्वीकारणारा अध्यक्ष होता थॉमस मिफ्लिन, एके काळी वॉशिंग्टनच्या टीकाकारांत गणला गेलेला. विजयी सेनापती त्याच्यापुढे उभा राहिला आणि सत्ता ठेवून गेला.