ग्रिडच्या दारातली रांग आणि जमिनीचा कागद

न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी जून २०२५ नंतरचे विजेचे बिल दोनदा वाचले असेल. राज्याच्या ‘बोर्ड ऑफ पब्लिक युटिलिटीज’ने फेब्रुवारीतच सांगून ठेवले होते की, १ जूनपासून घरगुती ग्राहकाचे सरासरी बिल १७ ते २० टक्क्यांनी वाढेल. या वाढीचे मूळ ‘पीजेएम’ या ग्रिडचालक संस्थेच्या लिलावात आहे. तेरा राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन मिळून सुमारे साडेसहा कोटी लोकांना वीज पोहोचवणाऱ्या या जाळ्यात, गरजेच्या वेळी वीज देऊ अशी हमी देणाऱ्या केंद्रांना २०२४-२५ साठी प्रति मेगावॉट प्रतिदिन २८.९२ डॉलर मिळत होते. २०२५-२६ साठी तो दर २६९.९२ डॉलरवर गेला.

जुनी केंद्रे बंद होत आहेत, डेटा सेंटरची मागणी वाढते आहे, लिलावाचे नियमही बदलले. ही कारणे वृत्तपत्रांतून पुष्कळ चर्चिली गेली. त्यामानाने दुर्लक्षित राहिलेले कारण म्हणजे, नवी केंद्रे उभारू इच्छिणारे ग्रिडच्या दाराशी वर्षानुवर्षे तिष्ठत आहेत. साचलेले अर्ज निपटता येईनात, म्हणून पीजेएमने २०२२ मध्ये नव्या अर्जांची छाननीच थांबवली होती. देशभरचे चित्रही फारसे वेगळे नाही. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या पाहणीनुसार २०२३ अखेर अमेरिकेत सुमारे २,६०० गिगावॉट क्षमतेचे प्रकल्प जोडणीच्या प्रतीक्षेत होते. म्हणजे देशात उभ्या असलेल्या एकूण क्षमतेच्या सुमारे दुप्पट. २००० ते २०१८ या काळात अर्ज केलेल्या क्षमतेपैकी २०२३ अखेरपर्यंत प्रत्यक्ष वीज देऊ लागलेली क्षमता केवळ १४ टक्के होती.

मग उरलेले ८६ टक्के कोण होते? त्यांतले पुष्कळसे नुसते चाचपणी करणारे होते. १९९६ च्या ८८८ क्रमांकाच्या आदेशाने संघीय ऊर्जा नियामक आयोगाने (आद्याक्षरांचा उच्चार ‘फर्क’ होतो, आणि मराठी माणसाला तो ऐकून हसू आल्यावाचून राहत नाही) पारेषण वाहिन्या सर्वांना समान अटींवर खुल्या केल्या. पुढे २००३ मध्ये मोठ्या केंद्रांच्या जोडणीची एकसारखी कार्यपद्धती आली. तिच्यात अर्जासोबतची अनामत होती दहा हजार डॉलर. जागा आपल्या ताब्यात असल्याचा कागद नसेल, तर आणखी दहा हजार भरले की काम भागे. कोट्यवधींच्या प्रकल्पात ही रक्कम चहापाण्याच्या खर्चाएवढीच. कोणत्या उपकेंद्राशी जोडणी स्वस्त पडेल हे अभ्यास झाल्याखेरीज कळत नसे. म्हणून एकच विकासक चार ठिकाणी चार अर्ज टाकी, अहवाल हाती आला की तीन मागे घेई.

खरे नुकसान होई ते या माघारीतून. पुढच्या अर्जदारामुळे एखादा रोहित्र बदलावा लागणार असेल, तर त्याचा खर्च त्याच्या माथी लिहिला जाई. तो निघून गेला की तोच खर्च मागच्यावर येई, त्याचा अभ्यास नव्याने करावा लागे; नवा आकडा पाहून तोही निघून जाई. अशा रीतीने एका माघारीने सगळी रांग पुन्हा मोजावी लागे. अर्जापासून वीज सुरू होईपर्यंतचा कालावधी २००८ मध्ये दोन वर्षांच्या आत होता, तो पाच वर्षांवर गेला तो असा.

जुलै २०२३ मध्ये काढलेल्या २०२३ क्रमांकाच्या आदेशाने आयोगाने ‘जो आधी आला तो आधी’ हे तत्त्व सोडून ‘जो आधी सिद्ध झाला तो आधी’ हे तत्त्व स्वीकारले. अर्ज गटागटाने अभ्यासले जाऊ लागले. अर्ज करतानाच ९० टक्के जागेवरील हक्काचा पुरावा आणि सविस्तर अभ्यासाच्या टप्प्यावर १०० टक्के, अशी अट आली. जागेऐवजी पैसे भरण्याची सवलत केवळ सरकारी नियमांमुळे जागा मिळवणे अडते अशा प्रकरणांपुरती उरली. २०० मेगावॉटवरील प्रकल्पाला अभ्यासासाठी अडीच लाख डॉलर अनामत, शिवाय पहिल्या टप्प्यावर त्याच्या दुप्पट सिद्धता-अनामत, आणि माघार घेतल्यास दंड.

या अटी मला मूलतः योग्य वाटतात. ग्रिडवरची जागा मर्यादित असेल, तर ती कोणत्या तरी निकषाने वाटावीच लागणार. परंतु तो निकष कोणाला झेपतो, हे पाहिले पाहिजे. शंभर मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला पाचशे एकरांच्या आसपास जमीन लागते. तिच्यासाठी डझनभर शेतकऱ्यांशी करार करून, जोडणी मिळेल की नाही हे ठाऊक नसताना, वर्षानुवर्षे पैसे मोजत राहणे मोठ्या भांडवलदाराला जमते. गावपातळीवरच्या सहकारी किंवा लहान विकासकाला ते जमत नाही. शिवाय ओझे दोन्ही बाजूंना सारखे नाही. अभ्यास रखडवणाऱ्या पारेषण कंपनीलाही आता दंड आहे, ही गोष्ट स्वागतार्ह. पण गट-अभ्यासाच्या विलंबाला तो कामकाजाच्या दिवसाला एक हजार डॉलर, तोही सवलतीचे दिवस उलटल्यावर. तो अर्जदाराच्या अनामतीशेजारी ठेवून पाहावा.

भारताने याच प्रश्नाला जे उत्तर दिले, ते तुलनेसाठी उद्‌बोधक आहे. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०२२ च्या ‘जनरल नेटवर्क अॅक्सेस’ नियमावलीनुसार आंतरराज्य वाहिन्यांशी जोडणी मागणाऱ्या अक्षय ऊर्जा प्रकल्पाने वीजखरेदीचा करार दाखवावा, किंवा निम्म्या जमिनीच्या मालकीची वा भाडेपट्ट्याची कागदपत्रे. तेही नसेल तर प्रति मेगावॉट दहा लाख रुपयांची बँक हमी. अमेरिकेने जवळजवळ बंद केलेले दार भारताने, भरभक्कम किंमत लावून, उघडे ठेवले. त्यामागे जमिनीची वस्तुस्थिती आहे. ज्याने सोलापूर वा धुळ्याकडची जमीन खरेदी करून पाहिली, त्याला ती वेगळी सांगायला नको: सातबाऱ्यावर सात नावे, त्यांतली दोन मयतांची, वारसनोंद तलाठ्याकडे पडून आणि एक भाऊ पुण्यात किंवा थेट आपल्यासारखा डॅलसमध्ये. मात्र तीनशे मेगावॉटसाठी तीस कोटींची हमी बँकेकडून आणू शकणारे किती, हा प्रश्न तिथेही उभा राहतोच.

आतापर्यंतचे सारे वीज देणाऱ्यांविषयी झाले. वीज मागणाऱ्याला मात्र अशी सिद्धता फारशी कोणी विचारत नव्हते. डेटा सेंटरवाल्यांनी नेमके तेच केले, जे पूर्वी केंद्रवाल्यांनी केले होते: एकाच प्रकल्पासाठी अनेक राज्यांत, अनेक वीज कंपन्यांकडे मागणी नोंदवायची आणि जिथे लवकर जमेल तिथे जायचे. त्या फुगलेल्या मागणीवरून अंदाज बांधले जातात, अंदाजांवरून लिलावाचे दर ठरतात आणि ते आपल्या बिलात उतरतात.

ओहायोच्या वीज आयोगाने जुलै २०२५ मध्ये ‘एईपी ओहायो’ या कंपनीला वेगळी दरयोजना मंजूर केली. नव्या मोठ्या डेटा सेंटरने जेवढी वीज लागेल असे सांगितले, तिच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे, वापरो वा न वापरो, बारा वर्षांपर्यंत द्यावेत. आर्थिक क्षमतेचा पुरावा द्यावा. सोडून गेल्यास शुल्क भरावे. कंपनीकडील सुमारे ३० हजार मेगावॉटच्या मागण्या त्यानंतर १३ हजारांच्या आसपास उरल्या. एक नवी तार ओढावी लागली नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ऊर्जामंत्री क्रिस राइट यांनी संघीय आयोगाला लिहिले की, २० मेगावॉटहून मोठ्या ग्राहकांच्या पारेषण-जोडणीसाठीही अनामत, सिद्धतेचा पुरावा आणि माघारीचा दंड असे देशव्यापी नियम करावेत आणि ३० एप्रिल २०२६ पर्यंत त्यावर अंतिम कार्यवाही व्हावी. दिशा योग्य आहे. पण ग्राहकाची जोडणी हा आजवर राज्यांचा अधिकार मानला गेला आहे आणि तो वॉशिंग्टनकडे सरकावा यास अनेक राज्यांचा आक्षेप आहे. ओहायोचा नियम ओहायोच्याच आयोगाने केला होता.